आधी आकडा विचारा

परळच्या टॉवरमधल्या कंपनीत धनेशला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आज चार वाजता ठरणार होतं. त्याच्याकडे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं काम होतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातला कर्ता. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, ते तोच ठरवतो.

धनेशने तो आपल्या लालबागच्या घराच्या वळणावर वाढवला होता. घर दहा बाय बाराचं, पण गावच्या पाहुण्याला आई, मालन, कधी नाही म्हणत नाही, अशी त्याची ठाम समजूत. म्हणून कुणा प्रोग्रॅमने आवाक्याबाहेर मेमरी मागितली, की त्याचा कर्नल शिल्लक असेल तेवढी द्यायचा आणि वर "दिली" म्हणून सांगायचा. प्रोग्रॅम बिचारा सगळी मिळाली असं धरून हातपाय पसरायचा, ते थेट शेजाऱ्याच्या जागेत. सकाळपासून सातदा सगळं कोलमडलं होतं.

"तू त्या प्रोग्रॅमला नाही का म्हणत नाहीस?" टीम लीड ऋग्वेदाने विचारलं.

"मागतोय ना मॅडम. अ‍ॅडजस्ट करतो."

तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. चारला चाचणी होती.

दुपारी धनेश घरी जेवायला गेला. आई फोनवर होती.

"किती जणां? नऊ? नाय जमाचा." फोन ठेवून ती वाढायला लागली.

"आई, तू नाही म्हणालीस?"

"मगे? दारात इलेल्याक परत कसा धाडूचा? म्हणान फोनारच ईचारतंय. पाचाच्या वर गेला की थयच नाय म्हणतंय. तुझ्या बारशाक ईस जणांक हो म्हटलंय, ती शेजारच्या कोंडीरामाच्या पलंगार निजली. दोन वर्सा बोलाक नाय तो."

सत्तावीस वर्षांची समजूत सोलकढीबरोबर खाली उतरली. धनेश ऑफिसात पळाला आणि त्याने चार ओळी लिहिल्या. मागणी आली की आधी आकडा बघायचा. मर्यादेबाहेर असेल तर एक बाइटही न देता साफ नाही सांगायचं.

चारला ऋग्वेदाने स्वतः चाचणी घेतली. प्रोग्रॅमने अवाढव्य मागितलं, कर्नल नाही म्हणाला, प्रोग्रॅमने निमूट कमी मागितलं. काहीही कोलमडलं नाही.

"कायम," ती म्हणाली. धनेशला रडूच आलं. त्या भरात त्याने अख्ख्या टीमला संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं आणि ऑफिस सुटताना आईला फोन लावला.

"आई, कायम झालो. टीमला जेवायला आणतोय."

"किती जणां?"

"चौदा."

"नाय जमाचा," आई म्हणाली.

धनेशने वळून पाहिलं. चौदाही जण बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभे होते.