दुसरं सूत्र

टायपिस्ट काकांच्या अंत्यदर्शनाला मी स्वतः गेले होते. पंतप्रधान कार्यालयात जन्म घालवलेला माणूस. आत काय शिजतंय ते मला हळूच सांगायचा. पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तोच खोकला, तोच आवाज. "पोरी, लिहून घे. अर्थमंत्री राजीनामा देणार."

मेलेला माणूस बोलत होता. पण बातमी ती बातमी. आमच्या संपादकांचा नियम एकच: एका तोंडची बातमी छापायची नाही, दुसऱ्या सूत्राचा दुजोरा हवाच. मी तो मिळवला. राजीनामा आला.

काका बोलत राहिले आणि माझं देशभर नाव झालं. "बाई, तुमचा आतला माणूस आहे तरी कोण?" लोक विचारायचे. काय सांगणार, कप्पाळ! घरीदारी मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. 'विश्वसनीय सूत्रांनुसार' लिहिलं की भागतं. सूत्र जिवंत आहे का, हे कुणी विचारत नाही.

आज दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. "पोरी, पत्रकारांचं विमान पोचणार नाही."

पंतप्रधानांच्या दौऱ्याचं ते विमान. त्यात जागा माझी होती. मला कंटाळा आला म्हणून आमच्या फोटोग्राफरला, माझ्या धाकट्या भावाला, मीच पुढे केलं होतं. "ताई, खिडकी मिळाली!" म्हणून सकाळी नाचत होता वेडा.

विमान सुटायला अजून अवकाश होता. दुसऱ्या कुणीही आधी भावाला फोन लावला असता. मी काय केलं? दुजोरा शोधत बसले! विमानतळ झालं, मंत्रालय झालं, प्रवक्ता झाला. "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणून तो हसला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावाचा नंबर लावला तर बंद. विमान उडालं होतं.

संपादकांच्या खोलीत जाऊन मी ओरडले, "ते विमान परत बोलवायला सांगा!"

"कुणी सांगितलं? आणि दुसरं सूत्र कोण?"

माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी धावले.

"ताई," भाऊ म्हणाला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता, माणसांचा नव्हता, कसलाच नव्हता.

"गाढवा, आहेस कुठे? जीव टांगणीला लागलाय माझा!"

"लिहून घे, ताई. काका म्हणतायत ते बरोबर आहे."

काकांबद्दल मी त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं. समोर टीव्हीवर दौरा वेळेत सुरू झाल्याची पट्टी सरकत होती. संपादक मागोमाग आले.

"मिळाला दुजोरा?"

"मिळाला," मी म्हणाले, आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ठेवला.