दुसरीच्या दारावरची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी विजेची घंटा आहे. दुसरीच्या वर्गाच्या दारावर चार स्क्रूंनी मला घट्ट बसवलं आहे. कारखान्यात मला तपासणारा कारागीर म्हणाला होता, "हिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाईल." त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं खूश होते. मी वाजले की मुलं उड्या मारत बाहेर पडत. माझी कोणाला भीती वाटत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग ती आली. सात वर्षांची, मावशीकडे राहणारी. भिंतीला चिकटून तुरुतुरु चालायची, म्हणून मुलं तिला खारूताई म्हणत. तिची जागा दाराजवळ होती, माझ्या अगदी खाली.

पहिल्या दिवशी मी वाजले आणि ती बाकाखाली शिरली. दुसऱ्या दिवशी तिने कान इतके दाबले की गालावर नखांचे वळ उठले. पुढेपुढे तर मी वाजायच्या आधीच तिचा चेहरा पांढराफटक पडू लागला. वही कोरी राही.

"पुरे झाली नाटकं," बाई म्हणत. "बाकीच्यांना काही होत नाही, तुलाच कसं होतं?"

बाई दुष्ट नव्हत्या. चाळीस मुलं सांभाळताना त्या मेटाकुटीला येत. पण खारूताई कान आणखी घट्ट दाबून धरी, आणि बाईंना तो हट्ट वाटे.

एके दिवशी, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याची तालीम ठरली. शिपाईमामांना बटण दाबून धरायला सांगितलं होतं. मी सलग तीन मिनिटं वाजले. थांबणं माझ्या हातात नसतं. मुलांची रांग मैदानाकडे गेली आणि खारूताई उलट्या दिशेला पळाली. समोरच्या खेळाच्या सामानाच्या खोलीत ती शिरताना मला दिसली. तिथल्या लाकडी पेटीचं झाकण आपटलं, तो आवाज माझ्याच आवाजात बुडाला.

मैदानावर बाईंनी मुलं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस.

सगळे शोधू लागले. जिना, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी. माझ्यासमोरून बाई तीनदा धावत गेल्या. मला ठाऊक होतं, पण मला एवढंच येतं, वाजायला. तेही दुसऱ्याने बटण दाबल्यावर.

अखेर मामांना पेटीतल्या चटया बाहेर पडलेल्या दिसल्या. झाकणाची कडी बाहेरून अडकली होती. आत ती कानांवर हात दाबून निपचित पडली होती, ओठ निळसर.

"श्वास चालू आहे," मामा म्हणाले. बाईंनी तिला उचललं आणि दवाखान्याकडे धाव घेतली.

दोन दिवस ती दवाखान्यात होती. तिसऱ्या दिवशी मावशी वर्गाच्या दारात आली. ती भांडली नाही. म्हणाली, "बाई, आपल्याला जो नुसता आवाज वाटतो, तो तिला टोचतो. डॉक्टरही तेच म्हणाले. घरी मिक्सर लावायचा असला की मी आधी सांगते. सांगितलं की ती तयार होते."

"मला कोणी सांगितलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. आणि मग, "मी विचारलंही नाही."

त्यानंतर खारूताईची जागा दूरच्या खिडकीशी गेली. घंटेआधी पाच मिनिटं बाई तिच्या बाकावर निळं कार्ड ठेवत. मग ती कानांवर जाड कानपट्टी चढवी. गर्दी होण्याआधी तिला बाहेर सोडत. मामांनी माझ्या हातोडीला रबर गुंडाळलं. महिन्याभराने तिची वही भरू लागली. एकदा ती चक्क हसलीसुद्धा.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दिवाळीच्या सुट्टीत बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी सगळं एका कागदावर लिहून ऑफिसात दिलं. गेल्या आठवड्यात साफसफाईला आलेल्या एका माणसाने मला पुसलं आणि, आवाज बसलाय म्हणत, ते रबर काढून टाकलं.

उद्या शाळा उघडेल. नवे सर येतील. तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला का, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल, तर कान झाकणाऱ्या मुलाला रागवण्याआधी एकदा विचारा. आणि कोणी त्या सरांना ओळखत असेल, तर त्यांना आजच सांगा. उद्या सकाळी दहाला माझं बटण दाबलं जाईल.