ती उभारी आतून किडली होती

मित्रांनो, अकोटजवळच्या एका खेड्यात कडुनिंबाखाली जी बाभळीची बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी आहे, ती मी. आता म्हातारी झाले, पण एके काळी माझा तोरा होता. सुताराने मला घडवले तेव्हा माझ्या मालकाने, देवमनने, माझ्या चाकांवरून तीनदा हात फिरवला होता. कापूस भरून जिनिंग कारखान्याच्या रांगेत उभी राहिले, की शेजारच्या बंड्या माझ्याकडे बघत, असे मला वाटे. वाटण्याला काय जाते म्हणा.

१९५७ सालच्या मार्गशीर्षातली ती सकाळ मला आजही खरी वाटत नाही. मी गच्च भरलेली. पुढे देवमन कासरा धरून बसला होता. वर कापसावर त्याची चौदा वर्षांची मुलगी पंचफुला आणि आठ वर्षांचा मुलगा शेषराव. शेषराव वरून पुढे उतरू लागला. त्याने माझी उभारी धरली. कापूस सांडू नये म्हणून माझ्या बाजूला ज्या काठ्या रोवतात, त्यातली ती एक. ती कडकन मोडली. पोर खाली गेले आणि माझेच चाक त्याच्यावरून गेले. तो ओरडलासुद्धा नाही. बैल दोन पावले चालत राहिले, कारण त्यांना काही कळलेच नव्हते.

शेषराव गेल्यावर मला कोणी जुंपले नाही. पंचफुलाने शाळा सोडली. मागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची. ताट आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. देवमन तिच्याशी बोलत नसे आणि बायकोशीही नाही. गल्लीतली गोदाबाई म्हणाली, "लगन लावून द्या पोरीचं, येईन ठिकान्यावर." पोर वाळत चालली होती. मला दिसत होते, पण मी लाकूड. मी काय करणार?

सहा महिने असेच गेले. मृग तोंडावर आला. घरात सरपण भरायचे होते. एका दुपारी देवमन कुऱ्हाड घेऊन आला आणि त्याने माझ्यावर पहिला घाव घातला. त्या आवाजासरशी मागचे दार उघडले. पंचफुला उन्हात उभी होती. मी हादरले ती घावाने नव्हे. पोरीच्या हाताच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

"बा, इले कावून फोडता? मले फोडा," ती म्हणाली. "मीच त्याले म्हटलं, जाय पुढं. मले जागा पाह्यजे होती."

देवमनने कुऱ्हाड खाली ठेवली. "नाई वं माय. मीच हाक मारली त्याले. ये म्हटलं, कासरा धरू देतो."

तेवढ्यात दारातून शेषरावची आई मनकर्णाबाई म्हणाली, "तो तं चालला नोयता. शाळेत जातो म्हने. मीच पाठवलं, बापासंगं जाय म्हटलं. तुमी दोघं बोलत नोयते, तं मले वाटे माह्यावरच राग हाय तुमचा."

एका घरात तीन माणसे, आणि तिघांनी सहा महिने तेच एक ओझे वेगवेगळे वाहिले होते. मग तिघेही माझ्या चाकाशी बसून मोठ्याने रडले. संध्याकाळी पंचफुलाने चुलीपुढे बसून अर्धी भाकर खाल्ली. आषाढात ती पुन्हा शाळेत जाऊ लागली.

आता माझे ऐका. ती उभारी आतून किडली होती. दोन वर्षांपासून मला ते माहीत होते. मी करकरत होते, पण माझे करकरणे कोणाला कळणार? त्या दुपारी माझे तेवढे सांगायचे राहून गेले. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अचानक गप्प झाले असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. लाकडाला बोलता येत नाही. माणसाला येते, फक्त कोणीतरी विचारायला हवे.