आबांच्या कार्डावरची वर्गणी

रविवारी सकाळी रावजी उतेकर पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा बिरवाडीहून लेकीचा फोन आला.

"आबा, तुमच्या कार्डावरून कोणीतरी पैसे उचलतंय," रेश्मा म्हणाली. "मागच्या महिन्यात गेले, त्याच्या आदल्या महिन्यात पण गेलेत. काल परत. कसली तरी इंग्रजी नावाची कंपनी हाय. तुम्ही ऑनलाइन काही घेतलंत का?"

रावजींच्या लगेच लक्षात आलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"मी काय घेणार?" ते म्हणाले.

"तेच मी ह्यांना म्हटलं. फसवणूकच हाय ही. थांबा, आधी कार्ड बंद करते. मग आम्ही येतोच तिकडे."

फोन ठेवल्यावर रावजी बराच वेळ समोरच्या टोपलीकडे बघत राहिले. तेव्हाच फोन करून खरं सांगता आलं असतं. पण लेकीला ते शब्द कसे सांगायचे, हे त्यांना सुचेना.

रावजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन पोलादपुरात राहत होते. नोकरीत असताना बँकेने दिलेलं क्रेडिट कार्ड अजून त्यांच्याकडे होतं. औषधं, पेट्रोल, लाइट बिल असल्या गोष्टींना ते वापरायचे. पण त्याचं ऑनलाइन सगळं रेश्माकडे. ती आपल्या फोनवर त्यांचं खातं उघडायची, कार्डाचं बिल भरायची आणि "भरलं हं आबा" असा निरोप टाकायची. तिला फक्त बिलाचा एकूण आकडा दिसत असेल, असं रावजींना वाटायचं. एकेक खर्च नावागावासकट दिसतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांची बायको रंगूबाई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा रितेश नालासोपाऱ्याला, तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. रेश्मा पंधरा दिवसांनी चक्कर मारायची, डबे भरून ठेवायची. तशी आबाळ काही नव्हती. पण पावसाळ्यात एका दुपारी फोनवर काहीतरी बघता बघता एक जाहिरात आली. उतारवयात सोबत शोधणाऱ्यांसाठी लग्न जुळवणारी वेबसाइट होती. रावजींनी आधी ती बोटाने वर ढकलली. मग परत खाली आणली. नाव टाकलं, वय टाकलं. कंपनीतल्या निरोपाच्या समारंभातला शाल पांघरलेला फोटो टाकला. फोन नंबर बघायचे असतील तर वर्गणी भरा, असं आलं, तेव्हा चष्मा पुसून कार्डावरचे आकडे टाकले. ओटीपी आला, तोही टाकला. एकदाच भरायचे पैसे आहेत, अशी त्यांची समजूत. दर महिन्याला ते आपोआप कापले जाणार, हे खाली बारीक अक्षरांत होतं.

त्यातून फार काही झालंही नव्हतं. माणगावकडच्या एका बाईंशी एकदा बोलणं झालं. "आज काय केलंत जेवायला?" असं त्यांनी विचारलं, आणि रावजींनी जवळ्याच्या कालवणाबद्दल बरंच काही सांगितलं. नंतर त्या बाईंनी फोन उचलला नाही. रावजींनीही परत केला नाही.

रेश्मा आणि तिचा नवरा विनीत मोटारसायकलवरून आले. विनीत कारखान्यात सुपरवायझर होता, कामाला वाघ, पण डोकं लवकर तापायचं. त्याने आल्या आल्या विचारपूस सुरू केली.

"मामा, कार्ड कुणाच्या हातात दिलं होतंत?"

"कुणाच्या नाय."

"फोन?"

"फोन कशाला कोण घेतोय माझा?"

"रिचार्ज कुठे करता?"

"चंदूकडे," रावजी म्हणाले.

ते खरंच होतं. पण विनीतचा चेहरा बदललेला पाहून आपण काय बोलून बसलो ते रावजींना कळलं. "तो तसा नाय," असं ते म्हणाले, पण इतक्या हळू की विनीत तोवर पायात चपला घालत होता.

चंदूचं मोबाइलचं दुकान एसटी स्टँडच्या जवळ. रिचार्ज, कव्हर, दुरुस्ती, सगळं एकट्याने करायचा. रावजींना तो काका म्हणायचा. मागच्या वर्षी त्यांचा फोन पाण्यात पडला, तेव्हा दोन दिवस तांदळात ठेवून त्याने तो चालू करून दिला होता आणि पैसे घेतले नव्हते.

तिघं पोचले तेव्हा दुकानात वर घाटातल्या कुडपण गावचा मोरू बसला होता, रावजींच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या फोनची काच बदलायची होती. विनीतने पायरीवरूनच आवाज चढवला.

"म्हाताऱ्या माणसांचे फोन हातात घेऊन हे धंदे करतोस काय रे?"

चंदूला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो लाल झाला. "दादा, नीट बोला. कसले धंदे?"

"ह्यांच्या कार्डावरून दर महिन्याला पैसे जातात. ओटीपी कोणी बघितला? फोन तुझ्याकडेच येतो ना?"

"मी रिचार्ज मारतो, रोख घेतो. कार्डाचा मला काय माहिती?" चंदू रावजींकडे वळला. "काका, तुम्ही सांगा ना ह्यांना. मी कधी तुमचं कार्ड मागितलं?"

रेश्माही बघत होती. मोरूही बघत होता. रस्त्यावरचे दोघेजण थांबले होते. रावजींनी समोर टांगलेल्या रंगीबेरंगी कव्हरांकडे नजर लावली.

"घरी चला," एवढंच ते म्हणाले. "इथे तमाशा नको."

त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने घेतला. चंदूने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "उद्या सायबरला तक्रार करतो, मग बोलशील," असं बजावून विनीत निघाला.

घरी येऊन विनीतने रावजींच्याच फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो मध्ये ठेवला. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी बोलायला आली. मराठीत बोलत होती, आवाज नम्र. रावजींची जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला.

"सर, पहिल्या वेळी तुमच्या याच नंबरवर ओटीपी गेलेला दिसतोय. तो तुम्ही कुणाला सांगितला होता का?"

"चंदूनेच बघितला असणार," विनीत म्हणाला. "मॅडम, माणूस आम्हाला माहीत आहे. नाव लिहून घ्या."

"नाव पोलिसांना द्या सर. मला फक्त कार्डधारकांचं म्हणणं हवंय." मग ती रावजींना म्हणाली, "सर, हा व्यवहार तुम्ही केलेला नाही आणि कार्डाची माहिती कुणाला दिलेली नाही, असं मी नोंदवते. तुम्ही स्वतः 'हो' म्हणा. हा कॉल रेकॉर्ड होतोय."

रावजींनी फोन थोडा जवळ ओढला.

"म्हणा ना आबा," रेश्मा म्हणाली. "हो म्हणायचंय फक्त."

"सर, ऐकू येतंय का?"

आतापर्यंत ते नुसते गप्प राहिले होते. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. आता मात्र तोंडाने खोटं बोलावं लागणार होतं, आणि उद्या त्याच शब्दावर चंदूच्या दारात पोलीस जाणार होते.

"मी केलाय," रावजी म्हणाले.

"काय म्हणालात सर?"

"तो व्यवहार मी केलाय. ओटीपी मीच टाकला. कुणी फसवलेलं नाय."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. "ठीक आहे सर. मग तक्रार नोंदवत नाही. कार्ड बंदच ठेवायचं आहे का?"

"ठेवा," रेश्मा म्हणाली आणि तिनेच फोन बंद केला. "कसले पैसे होते, आबा?"

रावजींनी सांगितलं. दोन-तीन वाक्यांत सांगून झालं. सांगताना ते जमिनीकडे बघत होते, आणि सांगून झाल्यावरही मान वर करवेना.

विनीत उठून उभा राहिला. "मामा, मग मला त्या माणसाच्या अंगावर का जाऊ दिलंत? तिथे बोलला असतात तर…" पुढचं त्याने गिळलं आणि तो बाहेर जाऊन पडवीत उभा राहिला.

रेश्मा स्वयंपाकघरात गेली. घासून पालथी घातलेली भांडी तिने परत घासायला घेतली. बऱ्याच वेळाने तिथूनच तिचा आवाज आला.

"आईबद्दल काय लिहिलं होतंत त्याच्यात?"

"काय लिहायला नाय लागत. विधुर म्हणून एक खूण करायची असते."

नळ चालूच राहिला. रावजींना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

जाताना ती पाया पडली, नेहमीसारखी. पण "जेवून घ्या" म्हणाली नाही. तिला ते सुचलं नसेल किंवा म्हणवलं नसेल.

सोमवारी सकाळी चंदूने शटर वर केलं, तेव्हा रावजी समोरच्या कट्ट्यावर बसलेले होते.

"चंदू, पैसे माझ्याच हातून गेले होते. तुझा काही संबंध नव्हता. काल मला माहीत होतं, तरी मी बोललो नाय."

चंदूने कुलूप खिशात टाकलं. "माहीत होतं?"

"होय."

"आणि मी तुम्हालाच विचारत होतो." तो काउंटर पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "काका, माझ्या दुकानात लोक फोन ठेवून जातात. त्यात त्यांचं सगळं असतं. विश्वासावर चालतं हे. मोरू काल काच न बदलता गेला. आता वर कुडपणात काय सांगितलं असेल, तुम्हीच बघा."

रावजींनी माफी मागितली. चंदू 'असू दे' म्हणाला नाही. 'बसा'ही म्हणाला नाही.

रावजी तिथून परत घरी गेले नाहीत. कापड्याची एसटी धरली, आणि पुढे कुडपणला जाणाऱ्या जीपमध्ये मागे दाटीवाटीने बसले. घाट चढताना जीपमधलं कुणी हसलं, की त्यांना वाटायचं, आपल्यावरच. ते हसणं उद्यापासून खरोखरच सुरू होणार, हेही त्यांना दिसत होतं.

मोरू खळ्यात गवताचे भारे रचत होता. त्याची बायको उंबऱ्यात नाचणी पाखडत होती.

"रावजी? तू इकडं कसा रे?"

"चंदूचं सांगायला आलोय. काल माझ्या जावयाने त्याला चोर म्हटलं ते खोटं हाय. पैसे मी स्वतः भरले होते. तू तुझा फोन त्याच्याकडेच टाक, आणि कुणाला काय बोलला असशील तर हेही सांग."

मोरूने भारा खाली टाकला. "स्वतः भरलेस? मग काल गप का होतास? कशाचे पैसे होते असे?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. विमा म्हणता आलं असतं. पण अर्धंच खरं सांगितलं तर चंदूवरचा डाग अर्धाच पुसला जाईल, असं रावजींना वाटलं.

"लग्न जुळवायच्या वेबसाइटचे," ते म्हणाले.

सुपाचा आवाज थांबला. मोरूने आधी बायकोकडे बघितलं, मग रावजींकडे, आणि तो खो खो हसत सुटला. "अगो ऐकलंस काय? रावजी नवरदेव होतोय!"

"गप बसा हो," बायको म्हणाली. पण पदराआड तीही हसतच होती. तिने पाणी आणून दिलं. रावजी ते उभ्याउभ्याच प्यायले. जेवायला थांबायचा आग्रह मोरूने मनापासून केला, पण रावजींना तिथे बसवलं नसतं.

मोरूने चार दिवसांत काच चंदूकडूनच बदलून घेतली. सोबत रावजींची गोष्टही खाली आणली. स्टँडवर, पिठाच्या गिरणीत ती पोचली. काही दिवस रावजी भाजीला दुपारी जायचे, बाजार रिकामा असताना.

नवीन कार्ड पोस्टाने आलं, त्यानंतरच्या रविवारी रेश्मा एकटीच आली. तिने रावजींचा फोन घेतला, त्यात बँकेचं अ‍ॅप घातलं आणि कुठे काय दाबायचं ते त्यांच्याकडून तीनतीनदा करून घेतलं. बिल कसं बघायचं, कसं भरायचं, दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे कुठे थांबवायचे.

"तूच बघ की," रावजी म्हणाले. "मला कशाला हे?"

"नको आबा. तुमचं तुम्ही बघा. आता पासवर्ड टाका." आणि तिने पाठ फिरवून खिडकीबाहेर नजर लावली.

रावजी एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकू लागले. दोनदा चुकला. रेश्मा तशीच पाठमोरी थांबली होती, एकदाही वळली नाही. चंदूच्या दुकानात वाटली नव्हती, मोरूच्या खळ्यात वाटली नव्हती, एवढी लाज त्यांना त्या पाठीकडे बघून वाटली.

"ते… त्या वेबसाइटवरचं नाव मी काढून टाकलंय," ते म्हणाले.

"मी विचारलं का?" रेश्मा म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. मग ती उठली, आणि दुपारसाठी किती तांदूळ घेऊ, म्हणून विचारायला लागली.