न पुसलेला फळा

दुकानाच्या दारात उभं राहून मी दहा वर्षं लोकांच्या पिशव्या तपासल्या. त्यामुळे कुणाच्या मनात काय दडलंय ते मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा ठाम समज. जाऊबाई म्हणतात, "तुला तुझ्या सावलीचाही संशय येतो." म्हणू देत.

शिक्षक होण्यासाठी सहा आठवड्यांचं कडक प्रशिक्षण होतं. आम्ही बाराजण. रोज दुपारी सरावाचे पाठ व्हायचे: एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी लहान बाकांवर गुडघे मुडपून मुलं व्हायचं. सरावात माझी पाळी रोज शेवटची. शेवटच्या दिवशी परीक्षेचा पाठ. सलग तीन प्रश्नांना एकही हात वर आला नाही, तर पाठ तिथेच थांबणार आणि माणूस घरी.

मागच्या बाकावर चष्मेवाली बसायची. आधी दोनदा नापास झालेली, ही तिची तिसरी आणि शेवटची संधी. बाकीचे शिकवत असताना बाई खुशाल खिडकीबाहेर बघायच्या. मी खडू हातात घेतला, की यांची वही उघडलीच.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम सरावाच्या वेळी ऑफिसात असायच्या. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारायच्या, "काल नकाशात पूर्व दिशा डावीकडे कशी गेली?" बोलणी बसायची ती फक्त मलाच. माझं डोकं भणभणायला लागलं.

मग मी सापळा लावला. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं मुद्दाम चुकीचं फळ्यावर लिहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही. चष्मेवालीची पेन्सिल मात्र सरसर चालली. सकाळी मॅडम आल्या आल्या म्हणाल्या, "दोन पंचमांश कुठून काढलेत?"

सापडली! चहाच्या सुट्टीत मी चष्मेवाली सोडून सगळ्यांना गोळा केलं. "ती चष्मेवाली मॅडमकडे चुगल्या करते. आज माझ्या, उद्या तुमच्या. परीक्षेला तिच्या पाठात कुणी हात वर करू नका."

पूर्वी बस चालवणारे काका चाचरत म्हणाले, "ताई, खात्री आहे ना? तिची शेवटची संधी आहे हो."

"डोळ्यांनी पाहिलंय मी," मी म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी माझा पाठ झकास झाला. पोरांनी, म्हणजे काका आणि मंडळींनी, धडाधड हात वर केले. मी पास. पुढचा पाठ चष्मेवालीचा. ती फळ्याकडे निघाली तेव्हा मॅडमनी शेरा लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. वर एकच ओळ होती: स्वतःचा फळा स्वतः पुसायला शिका.

"म्हणजे?" मी हळूच विचारलं.

"रोज संध्याकाळी मी वर्गातून फेरी मारते. बाकी सगळे आपला फळा पुसून जातात. तुमचा तेवढा भरलेला असतो."

मला वाटलं होतं, ते शिपायाचं काम.

"आणि ती वहीत काय लिहिते?"

"तुमचे पाठ. गोष्टीतून गणित कसं काढायचं ते तुमच्याकडून शिकतेय म्हणाली."

समोर चष्मेवालीने पहिला प्रश्न विचारला होता. सगळे बाकाकडे बघत बसले, एकही हात वर नाही. मी काकांना डोळ्याने खुणावलं. त्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय. त्यांनी हाताची घडी आणखी घट्ट केली.

दुसरा प्रश्न. माझ्याच पाठातल्या गोष्टीतला, आजीने चार नातवंडांना वाटलेल्या भाकरीचा. मी हात वर केला. खांद्यापासून ताणून केला.

चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं. माझं चहाच्या सुट्टीतलं बोलणं तिच्या कानावर गेलं असणार. पिशवी तपासताना मी लोकांकडे जशी बघायची, अगदी तशी ती माझ्या हाताकडे बघत होती.

"आणखी कुणी?" तिने विचारलं.

कुणीच नव्हतं. मी हात खाली घेतला नाही. तिने मान वळवली, तिसरा प्रश्न न विचारताच फळ्यावरचं सगळं नीट पुसून काढलं आणि डस्टर जागेवर ठेवलं.