मशीनपुढचं स्टूल

माझे सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं नीट केली आणि चाळीस रमजान तरावीहच्या पहिल्या रांगेत उभे राहिले. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, नमाज खुर्चीवर पढा.

रमजानचा चांद दिसला. माझा नवरा टोपी घालून दाराशी उभा राहिला, पण अब्बा जागचे हलेनात.

"मी घरीच पढतो. तरावीह काही फर्ज नाही."

ते खरंच. रोजची पाच वेळची नमाज चुकवता येत नाही. तरावीह ही रमजानच्या रात्रीची जादा. दोन-दोन करून वीस रकाती, म्हणजे उभं राहून, वाकून, कपाळ टेकून केलेल्या वीस फेऱ्या, आणि महिनाभरात अख्खं कुराण कानावरून जातं. पण तापानं फणफणत असतानाही जो माणूस मशिदीत गेला, त्यानं मला फर्ज शिकवावं? खरं कारण मला ठाऊक होतं. पहिल्या रांगेतल्या माणसाला गल्लीतून खुर्ची घेऊन जायची लाज वाटत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तीन रात्री ते घरी बसले. मशिदीतून इमामाचा आवाज यायला लागला की एखादं बंद घड्याळ उघडत आणि काहीच न करता मिटून ठेवत. मला त्यांची कीवही यायची आणि रागही.

माझं शिलाई मशीनपुढचं स्टूल मात्र रोज सकाळी भिंतीकडे सरकलेलं दिसायचं. मला वाटलं, नवऱ्याचे उद्योग. चौथ्या रात्री, रोज्याआधी पहाटे खायच्या सहरीच्या स्वयंपाकाआधी तासभर जाग आली. शिवणाच्या खोलीत अब्बा माझ्या स्टुलावर बसून तहज्जुद पढत होते. ही त्यांची बाराही महिन्यांची नमाज. झोपेतून उठायचं आणि एकट्यानं दोन-दोन रकाती पढायच्या, जमतील तेवढ्या. ना इमाम, ना रांग. सजद्याला जमिनीवर कपाळ टेकता येईना, म्हणून ते बसल्या जागी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मला रडू आलं. मग डोकं फिरलं.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर मी विचारलं, "अब्बा, रात्री माझं स्टूल कोण सरकवतं?"

ते चपापले. "मीच. अगं, तहज्जुद एकट्याची असते. तिथं कोण बघतंय?"

"म्हणजे ज्याच्यासाठी पढता, तो बघत नाही?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांशी असं मी कधीच बोलले नव्हते. अब्बांनी पेल्यातलं पाणी संपवलं. तरावीहची वेळ झाली तसे उठले, हातपाय धुऊन वजू करून आले आणि स्टूल उचललं. नवरा धावला.

"राहू दे. माझं मी नेतो."

मी पत्र्याच्या डब्यावर बसून गिऱ्हाइकाचे पडदे शिवायला घेतले. एक शिवण सरळ येईना, दोनदा उसवली.

अब्बा परतले ते घामाघूम. स्टूल जागेवर ठेवलं.

"पहिल्याच रांगेत बसलो. कडेला," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात आणखी एक स्टूल आहे ना?"

"आहे. का हो?"

"कोपऱ्यावरचा न्हावी. दोन रमजान झाले, खोकल्याचं निमित्त सांगून घरी बसतोय. त्याची कंबर गेलीय. येताना त्याच्या दाराशी थांबलो होतो. उद्या त्याला घेऊन जातो."

मी ते स्टूल लगेच पुसलं आणि दाराशी नेऊन ठेवलं.