आपोआप

सरकारी कचेरीतल्या सगळ्या खात्यांचे संगणक एकमेकांना जोडायला आलेल्या बाई आठवडाभर त्याचा आराखडा फळ्यावर काढत होत्या. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा अर्ज तळमजल्यावरच्या खिडकीत येतो, मंजुरी तिसऱ्या मजल्यावर मिळते. मधे तो कसा जातो, एवढंच काही केल्या कळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "आपोआप जातो." बाईंनी फळ्यावर मधल्या जागेत तेच लिहून ठेवलं, पण त्यांचं डोकं उठलं. मंगळवारी त्या खिडकीपाशी ठाण मांडूनच बसल्या.

दुपारचा चहा झाला तसा शिपाईकाकांनी अर्जांचा गठ्ठा काखोटीला मारला आणि ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढू लागले. बाई मागोमाग.

"हे काम तुम्हाला कोणी लावून दिलं, काका?"

"कोणी नाही हो. आधी माणसं स्वतःच कागद घेऊन वर जायची. एक आजी या पायरीवर मटकन खाली बसल्या, तेव्हापासून मीच नेतो. एकोणीस वर्षं झाली."

खाली येऊन बाईंनी फळ्यावरचं 'आपोआप' पुसलं आणि तिथे 'काका' लिहिलं. काकांनी ते वाचलं.

"तुमचं ते संगणकाचं कधी सुरू होणार, बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "शुक्रवारी मी रिटायर होतोय."